साहेबांना विचारायचं कसं

पेपरात आमच्या भावाचं नाव पूर्ण छापून यायचं, सिरविच वगैरे. घरात तो ताओ. ताओ म्हणजे आमच्या थाई भाषेत कासव. जन्माला येताना त्याने आईला फार ताटकळत ठेवलं म्हणून शेजारणीने थट्टेत हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. पुढे हा मुलगा टेनिस कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा पळायला लागला की बघणाऱ्याची मान दुखावी. बँकॉकच्या वार्ताहरांना ही गंमत फार आवडायची. दर मुलाखतीत विचारायचे, आणि हा दर वेळी पहिल्यांदाच कुणी विचारल्यासारखा हसायचा. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आमच्या घरातली माणसं काय काय करतील, सांगता येत नाही.

हे आलं बाबांकडून. आमचे बाबा पेत्चबुरीतल्या सरकारी शाळेत कवायतीचे मास्तर. सगळं गाव त्यांना विरोतमास्तर म्हणतं. शाळेमागच्या सिमेंटच्या जागेवर त्यांनी स्वतः चुन्याच्या रेघा मारल्या, कोळ्यांकडून जुनं जाळं आणून मध्ये बांधलं आणि आम्हा दोघांच्या हातात रॅकेट दिली. माझा बॅकहँड ताओपेक्षा चांगला होता. हे मी म्हणत नाही, बाबाच म्हणायचे. पण दोघांना घेऊन गावोगाव स्पर्धांना हिंडणं एका मास्तराच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि दोघांतून एक निवडायचा म्हटल्यावर कोण निवडलं जाणार हे मला सांगावं लागलं नाही. आता मी हुआहिनच्या एका हॉटेलात शिकवते. सुट्टीवर आलेल्या शेठाण्यांना चेंडू असा द्यायचा की त्यांना तो मारता आला पाहिजे, एवढंच माझं टेनिस उरलं. त्याचा राग आहे का? आहे. पण ताओवर नाही. ताओ जिंकायचा तेव्हा माझ्या वाटचंही जिंकायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि तो खरंच जिंकायचा.

तर थावोनसाहेब. सैन्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आमच्या भागातल्या टेनिस संघटनेचे सर्वेसर्वा. ताओ तेरा-चौदाचा असताना त्यांनी त्याला एका स्पर्धेत पाहिलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, हा पोरगा आता माझा." बाबा तेव्हा इतके वाकले की मला वाटलं जमिनीवर काही पडलंय आणि ते उचलतायत.

आमच्याकडे मुलांना शाळेत असतानाच तीन वर्षं आठवड्यातून एकदा हिरवा गणवेश घालून कवायत करता येते. ती पूर्ण केली की सैन्याची भानगड कायमची मिटते. नाही केली तर एकविसाव्या वर्षी चिठ्ठी काढायला जावं लागतं. काळी आली तर घरी, लाल आली तर दोन वर्षं छावणीत. ताओच्या वर्गातली सगळी पोरं कवायतीला जायची. ताओ त्या वेळी कधी मलेशियात, कधी चीनमध्ये. बाबांनी एकदा, फक्त एकदा, साहेबांपुढे विषय काढला होता.

साहेब हसले होते. "अहो मास्तर, त्याला खेळू द्या. सैन्याचं माझ्यावर सोडा. मी जन्मभर तोच गणवेश घातलाय. संघटनेचं एक पत्र दिलं की खेळाडूला मुदतवाढ मिळते. वेळ आली की देऊन टाकू."

झालं. साहेबांनी म्हटलं म्हणजे झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात सैन्य हा विषय संपला.

पुढची वर्षं सुखाची होती, हेही सांगितलं पाहिजे. ताओ लहान लहान स्पर्धा जिंकत वर सरकत होता. एकटाच फिरायचा. स्वस्तातल्या खोल्या, मिळेल ते खाणं, स्वतःचे कपडे स्वतः धुणं. कझाकस्तानातून फोन करून आईला विचारायचा, "भात चिकट झाला तर काय करू गं?" मागच्या हिवाळ्यात त्याने एक बऱ्यापैकी मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याची क्रमवारी अशी सुधारली की पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्याचं नाव लागणार हे नक्की झालं. मे महिन्याच्या शेवटी. बाबांनी शाळेच्या फळ्यावर खडूने 'पॅरिस' लिहिलं आणि शिपायाला सांगितलं, हे पुसायचं नाही.

आणि चिठ्ठ्या एप्रिलच्या सुरुवातीला.

जानेवारीत, इंग्रजी नवीन वर्षाला आम्ही फळांची परडी घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. दर वर्षी जातो. मी मोटारीतच बाबांना म्हटलं, "आज विचारा. पत्र दिलं का म्हणून."

"बघू."

"बघू नाही. विचारा."

"नुई," आई मागून म्हणाली, "सणाच्या दिवशी लोकांच्या दारात जाऊन कामं सांगतात का?"

साहेब खुशीत होते. ताओला शेजारी बसवून घेतलं, फोटो काढले, आल्यागेल्याला सांगत होते, "हा आमचा पॅरिसचा पाहुणा!" बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. खुर्चीत पूर्ण बसले तर साहेबांना भार होईल असं त्यांना वाटत असावं. मी तोंड उघडलं. "साहेब, ते ताओचं एप्रिलमधलं..." एवढ्यात आईने मला मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं, एप्रिलमध्ये काय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," आई हसून म्हणाली, "एप्रिलमध्ये आमच्या घरचा गार भात खायला या म्हणतेय. मोगऱ्याच्या पाण्यातला."

"येणार तर! वहिनींच्या हातचा भात म्हणजे काय!"

परत येताना बाबा अगदी निर्धास्त होते. "त्यांच्या लक्षात आहे. पाहिलंस ना कसा जवळ बसवला त्याला? एवढं करणाऱ्या माणसाला 'तुम्ही काम केलं का हो' असं विचारायचं? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणंच झालं."

मार्चमध्ये मी पुन्हा बोलले. बाबांशी बोलून उपयोग नव्हता म्हणून ताओलाच गाठलं. तो अंगणात रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होता.

"तू स्वतः फोन कर ना साहेबांना. तुझं आयुष्य आहे."

"बाबांना काय वाटेल, ताई? त्यांच्या डोक्यावरून गेल्यासारखं होईल."

"मग बाबांना सांग करायला."

"त्यांना साहेबांची भीड वाटते. कशाला अडचणीत आणायचं?"

"आणि लाल चिठ्ठी आली म्हणजे?"

"पत्र गेलं असेल गं." पट्टी ओढून त्याने टोक चिकटवलं. "नसतं गेलं तर साहेबांनी सांगितलं असतं."

सांगते, हा मुलगा कोर्टावर समोरच्याला दया दाखवत नसे. सर्व्हिस अशी करायचा की समोरचा नुसता बघत राही. पण कोर्टाबाहेर पाऊल पडलं की हाच ताओ हॉटेलात चुकीचं जेवण आलं तरी मुकाट्याने खायचा, आणणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून. भीड आमच्याकडे सद्गुण मानतात. ज्याला जास्त भीड तो जास्त चांगल्या घरचा. त्या हिशेबाने आमच्याइतकं चांगलं घर अख्ख्या प्रांतात नसेल.

चिठ्ठ्यांच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीपुढे मांडव घातला होता. पोरांना कमरेवर उघडं करून रांगेत बसवलेलं, दंडावर शाईने आकडे लिहिलेले. मांडवाबाहेर आया, बायका, मैत्रिणी. आईने आपल्या जुन्या नेसूची किनार फाडून ताओच्या खिशात कोंबली. लाल चिठ्ठी टळते म्हणतात त्याने. त्या दिवशी सगळ्यांच्याच खिशात आईच्या नेसूची किनार होती, आणि लाल चिठ्ठ्या कुणाला तरी जायच्याच होत्या.

आधी तपासणी झाली. कुणाला दमा, कुणाचे तळवे सपाट, कुणाचं वजन जास्त. ती पोरं हसत हसत घरी गेली. ताओ उभा राहिला तेव्हा मोजणारा शिपाई फीत धरून म्हणाला, "वा! छाती पाहा, पाय पाहा! असा माल रोज येत नाही!" बाबांनी दहा वर्षं पहाटे उठून घडवलेलं ते शरीर अगदी पहिल्या प्रतीचं निघालं.

मग टेबलामागच्या कॅप्टनने कागद उलटसुलट केले आणि बाबांना बोलावलं. चांगला माणूस होता तो. ताओला त्याने ओळखलं होतं.

"मास्तर, याच्या मुदतवाढीचं पत्र कुठाय?"

"संघटनेकडून आलं असेल, साहेब."

"इथे तर काही नाही."

"थावोनसाहेबांनी स्वतः सांगितलंय."

"त्यांनी सांगितलं असेल हो, पण मला पत्र लागतं." कॅप्टन जरा पुढे झुकला. "हे बघा, मी याला शेवटी ठेवतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्याकडून फोनवर पत्राचा फोटो जरी आला तरी मी चालवून घेतो. मूळ पत्र उद्या द्या. एक फोन करा त्यांना."

मांडवाच्या कडेला बाबा उभे राहिले. खिशातून फोन काढला, साहेबांचं नाव शोधलं. आणि थांबले. अंगठा वर धरून नुसते उभे.

"करा ना!"

"या वेळेला ते कुठे असतील कोण जाणे."

"कुठेही असू देत!"

"बैठकीत असले तर? चारचौघांत त्यांना असं वाटायला नको की मास्तर जाब विचारतोय." त्यांनी फोन खाली केला. मग पुन्हा वर. "पाठवलंच असेल त्यांनी. येईल. वाटेत असेल."

आतून कॅप्टनचा माईकवरचा आवाज येत होता, "घाबरू नका रे, छावणीत जेवण वेळेवर मिळतं! घरी मिळतं का?" लोक हसत होते. एकाने काळी चिठ्ठी काढली आणि त्याची आई तिथेच भुईवर बसून रडायला लागली, आनंदाने. मला सहन होईना. मी बाबांच्या हातातून फोन ओढला आणि लावला.

सेक्रेटरी बाई बोलली. गोड आवाज. "साहेब गोल्फला गेलेत. अर्जंट असेल तर मैदानावर निरोप देऊ का? देते की लगेच."

मी "हो" म्हणणार तोच बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. दोन्ही हातांनी धरून, त्या न दिसणाऱ्या बाईपुढे वाकून म्हणाले, "नको, नको. त्यांच्या खेळात व्यत्यय नको. काही विशेष नाही. सहज केला होता फोन. विरोतमास्तरांनी आठवण काढली म्हणावं."

आणि बंद केला.

मी काय बोलले ते लिहीत नाही. बापाला बोलू नये असं बोलले. ते ऐकून घेत उभे होते, आणि मधूनच रस्त्याकडे बघत होते, पत्र घेऊन कुणी मोटारसायकलवर येतंय का म्हणून.

ताओचं नाव जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यात शेवटी पुकारलं. कॅप्टनने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. ताओ पुढे गेला, कॅप्टनला हात जोडले, चिठ्ठ्यांच्या डब्याला हात जोडले, रिकामा तळवा सगळ्यांना दाखवला आणि हात आत घातला. चिठ्ठी त्याने स्वतः वाचली नाही. कॅप्टनच्या हातात दिली. कॅप्टनने उलगडली आणि माईक तोंडापासून लांब धरून, हळूच म्हणाला, "लाल."

इतरांच्या वेळी तो ओरडून सांगत होता.

ताओ त्याला "थँक्यू सर" म्हणाला. मग आमच्याकडे आला. आई त्याच्या गळ्यात पडून रडत होती आणि तो तिची पाठ थोपटत होता. बाबांना म्हणाला, "चालायचंच, बाबा." मेच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. पॅरिसचं नाव कुणी काढलं नाही. टेनिसमध्ये दोन वर्षं गेली म्हणजे काय ते आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं. वर्षभरात क्रमवारीचा एकेक गुण गळून जातो आणि कोरा होऊन माणूस पुन्हा तळापासून सुरुवात करतो, तेही तेवढ्यात शरीर साथ देत असेल तर. ताओ ते सगळं एकट्याने एकदा करून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की दुसऱ्यांदा जमणार नाही.

त्यानंतर लगेच सोंगक्रान आला, आमचं नवं वर्ष. या सणाला वडीलधाऱ्यांच्या हातांवर मोगऱ्याचं पाणी ओततात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल त्याची क्षमा मागतात आणि आशीर्वाद घेतात. बाबांनी सकाळी इस्त्रीचा सदरा घातला.

"कुठे निघालात?"

"साहेबांकडे. दर वर्षी जातो."

"या वर्षीसुद्धा?"

"या वर्षी नाही गेलो तर त्यांना वाटेल आपण रागावलो."

मी म्हटलं मी येणार नाही. ताओ म्हणाला, "ये ना, ताई. मी जाण्याआधी एकदा सगळे मिळून." मग काय करणार? गेले.

साहेब व्हरांड्यात फुलाफुलांचा सदरा घालून बसले होते. पुढे माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात वाटी. आम्हाला बघून त्यांनी हात वर केले. "अरे मास्तर! हे काय ऐकतोय मी? लाल? आणि मला पत्ता नाही?"

बाबा गुडघ्यांवर बसले.

"मला कुणी सांगितलं नाही! माझ्यामागे शंभर व्याप, मास्तर. संघटना बघू, नातवंडं बघू, की कुणाचा एप्रिल कधी येतो ते बघू? आठवण करून द्यायला नको? दोन ओळींचं पत्र! मी पाच मिनिटांत सही केली असती." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. हेच सगळ्यात वाईट. खोटं बोलत असते तर मला सोपं गेलं असतं. "एक फोन करायचा ना! मी काय वाघ आहे खायला? बरं, तुमचा फोन आला होता म्हणे त्याच दिवशी. मी विचारलं, काही काम होतं का? तर सेक्रेटरी म्हणाली, नाही, सहज केला होता."

बाबांनी वाटी तिरकी धरली होती, पाणी त्यांच्याच मनगटावर सांडत होतं. ते म्हणाले, "चूक झाली, साहेब. माफ करा." आणि साहेबांच्या पुढे केलेल्या हातांवर पाणी ओतलं. सणाचा शब्दही तोच, माफ करा. आजूबाजूच्यांना वाटलं रीत चालू आहे.

आईने ओतलं. ताओने ओतलं. साहेबांनी ताओच्या डोक्यावर ओला हात ठेवला. "दोन वर्षं काय रे, बघता बघता जातील. शिस्त लागेल. सैन्याचा संघ आहे, त्यातून खेळ. मी बोलतो कुणाशी तरी."

मग माझी पाळी. मी वाटी घेऊन पुढे झाले, पण गुडघ्यांवर बसले नाही. माझे पाय वाकेनातच.

"साहेब, आम्ही विचारलं नाही कारण तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं. "तुम्ही विसरलात. मग आज क्षमा कुणी कुणाची मागायची?"

साहेबांचे हात तसेच पुढे केलेले, कोरडे होत चाललेले. आई "नुई!" म्हणून कुजबुजली. बाबा भुईकडे बघत होते, आणि क्षणभर, शप्पथ, मला वाटलं ते मान वर करतील.

मान ताओने वर केली. तो उठला, माझ्या हातातून वाटी हलकेच सोडवून घेतली, माझ्या जागी गुडघ्यांवर बसला आणि माझ्या वाटचं पाणी सावकाश, एक थेंब बाहेर जाऊ न देता साहेबांच्या हातांवर ओतलं. मग हात जोडून कपाळाला लावले.

"साहेब," तो म्हणाला, "आमच्या ताईला माफ करा."

साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी केलं.